आयक्यूब २.२ बेळगावात घ्यावी का? गाडीआधी मीटर आणि आर्थिंग बघा

टीव्हीएस आयक्यूबच्या घरात २.२ किलोवॅट-अवर (म्हणजे २.२ युनिट) बॅटरीची गाडी म्हणजे शेंडेफळ. मे २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एक्स-शोरूम ९४,९९९ रुपयांना ती आली आणि नावाजलेल्या कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर लाखाच्या आत बसली. शोरूममध्ये मात्र तिच्याबद्दल फार वेळ कुणी बोलत नाही. मोठी बॅटरी घ्या, रेंज बघा, काळजी नको, हाच सूर असतो. या परीक्षणाचं म्हणणं उलटं आहे. बेळगाव शहर आणि भोवतालच्या दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावांना धाकटी बॅटरी पुरते. वाचलेल्या पैशातले चार-पाच हजार घरच्या वायरिंगवर घाला. ही गाडी रस्त्यावर फारशी दगा देत नाही, बहुतेक कटकटी भिंतीतल्या प्लगपाशी सुरू होतात.

आधी गाडी. मागच्या चाकातच बसवलेली हब मोटर, कमाल ताकद ४.४ किलोवॅट. चेन नाही, बेल्ट नाही, इंजिन ऑइल नाही. टॉप स्पीड ताशी ७५. वजन सुमारे ११५ किलो. सीटची उंची ७७० मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या माणसाचेही पाय टेकतात. दोन्ही चाकं १२ इंची, टायर ९०/९० ट्यूबलेस, पुढे २२० मिलिमीटरची डिस्क, मागे १३० चा ड्रम. सीटखाली ३० लिटरची डिक्की: एक मोठं हेल्मेट आणि गणपत गल्लीतला किरकोळ बाजार मावतो, त्याहून जास्त असेल तर पायापाशी पिशवी ठेवायला सपाट जागा आहे. जमिनीपासून उंची १५७ मिलिमीटर. दोघं बसून गल्लीतल्या घरगुती सिमेंटच्या उंचवट्यांवरून जाताना तिरकं जावं लागतं, सरळ गेलात तर पोट घासण्याचा संभव आहे.

या गाडीची खरी खूण मात्र चार्जरमध्ये आहे. सोबत ९५० वॅटचा चार्जर येतो आणि शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंत दोन तासांत नेतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात लाईट कधी जाते आणि कधी येते याचा भरवसा नसतो. तिथे रात्रभर लावून ठेवायची गाडी आणि दोन तास करंट मिळाला तरी भागणारी गाडी यांत मोठा फरक पडतो. बॅटरी छोटी असल्याचा हा फायदा जाहिरातीत कुणी ठळक छापत नाही.

पंचाहत्तर किलोमीटर म्हणजे नक्की किती

ही गाडी आली तेव्हा कंपनीने सांगितलेली रेंज होती ७५ किलोमीटर. तो आकडा खोटा नाही, पण त्यामागच्या अटी समजून घ्याव्यात. बॅटरीत २,२०० वॅट-अवर आहेत. एकटा माणूस, इको मोड, चाळीसच्या आसपास वेग, अशी गाडी किलोमीटरला ३० वॅट-अवरच्या आगेमागे खाते: ७३ किलोमीटर. मागे माणूस बसला आणि वेग ५५ झाला की ३५ धरा: ६३ किलोमीटर. हायवेवर ६५-७० ने नेली की ४०: जेमतेम ५५. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हायवे या गाडीचा शत्रू आणि खडेबाजारातली गर्दी तिची मैत्रीण. पेट्रोल गाडीच्या नेमकं उलट.

आता यातून १५ टक्के राखून ठेवा, कारण शून्यावर आणणं बॅटरीला बरं नाही आणि तुमच्या रक्तदाबालाही. शिवाय पाच-सहा वर्षांत बॅटरीची साठवण २० टक्क्यांनी उतरेल असं गृहीत धरा. डबल सीटचे ६३ किलोमीटर अशा दोन कापण्यांनंतर ४३ वर येतात. खरेदी याच आकड्यावर ठरवायची. पहिल्या दिवशीचा आकडा बघून घेतलेली गाडी पाचव्या वर्षी अंगावर येते.

येळ्ळूर, मच्छे, उचगाव, कडोली, सांबरा या बाजूंनी उद्यमबागेत शिफ्टला, मार्केटमध्ये किंवा कॉलेजला येणाऱ्या माणसाचं जाऊन-येऊन आणि मधल्या फेऱ्या धरून अंतर २५-३५ किलोमीटरच्या आत राहतं. त्यांना २.२ नि:शंक पुरते. खानापूर ते बेळगाव एका बाजूने २६ किलोमीटर, म्हणजे रोजचे ५२. कामाच्या ठिकाणी दुपारी तासभर प्लग मिळत असेल तरच ही घ्या, नाहीतर साडेतीन किलोवॅट-अवरच्या आसपासची बॅटरी बघा. निपाणीच्या माणसाला गावात ही छान, पण कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, जाऊन-येऊन ८०, तेही घाट नसला तरी सगळं हायवेवर. हा तिचा प्रांत नाही.

चढाचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि आपल्याकडे तो टाळता येत नाही. गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो वजन १०० मीटर उंच नेण्यासाठी ६८ वॅट-अवर लागतात. मोटर आणि तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर यांतली गळती धरली की सुमारे ८५. म्हणजे सपाटीवरचं जवळजवळ अडीच किलोमीटर अंतर गेलं. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाच्या चढाला हे जाणवणार नाही. पण गोव्याकडून चोर्ला घाट चढून येताना सहाशे-सातशे मीटरची उंची गाठायची असते. तेवढ्यात पाव बॅटरी निव्वळ चढण्यात जाते, रस्त्याचं अंतर वेगळं. चोर्ल्याला ही गाडी नेऊ नका, एवढं स्पष्ट सांगितलेलं बरं.

गडाच्या चढाला दोघं असाल तर चढ सुरू होण्याआधीच इको सोडून पॉवर मोड घ्या. अर्ध्या चढावर वेग पडल्यावर मोड बदललात तर हब मोटर कमी फेऱ्यांवर जास्त करंट ओढते आणि तापते. तापली की कंट्रोलर आपणहून ताकद कमी करतो. त्याला बिघाड समजून लोक गाडी ढकलत खाली आणतात. सावलीत दहा-पंधरा मिनिटं उभी केली की बहुतेक वेळा पूर्ववत होते. उतरतानाही एक ध्यानात असू द्या: बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर परत येणारी वीज ठेवायला तिच्यात जागाच नसते. मग मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार डिस्क-ड्रमवर येतो.

पाऊस, खड्डे आणि मागचं चाक

बॅटरीला आयपी ६७ संरक्षण आहे. या मानकाचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी पाणी आत जाऊ नये. रेल्वे गेटखालच्या पाण्यातून गाडी गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र हे संरक्षण चार्जरच्या प्लगला, पिनेला आणि तुमच्या सॉकेटला नाही. पावसातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, चार्जिंगच्या तोंडावरचं पाणी कापडाने टिपून थोडा वेळ जाऊ द्या. धुताना प्रेशरची नळी थेट तोंडाच्या झाकणावर आणि हँडलखालच्या फटीत मारायला वॉशिंगवाल्याला मनाई करा.

हब मोटरची खरी उणीव खड्ड्यात कळते. मोटरचं सगळं वजन चाकातच असल्यामुळे ते शॉकअब्सॉर्बरच्या खालच्या बाजूला पडतं. खड्डा आला की मागून दणका बसतो, विशेषतः एकटा माणूस असताना. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते सांगायला नकोत. मागच्या टायरची हवा टायरजवळच्या स्टिकरवर दिलेल्या दाबापेक्षा कमी ठेवून दणका कमी करण्याचा सल्ला मिळेल. ऐकू नका, रिम वाकते आणि रेंजही पडते.

पंक्चर ही काही अडचण नाही, टायर ट्यूबलेस असल्याने पट्टी घालून कुठल्याही दुकानात काम होतं. पण टायर बदलायचा असेल तर मागचं चाक खोलावं लागतं आणि त्याला मोटरच्या जाड केबल जोडलेल्या असतात. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला ते काम देऊ नका. ओढाताणीत केबलचं इन्सुलेशन सोललं तर पुढच्या पावसात गाडी एरर दाखवून बंद पडेल आणि वॉरंटीवाले हात वर करतील.

मागचा ड्रम ब्रेक कमी वापरला जातो, कारण थ्रॉटल सोडताच मोटरच गाडी अडवते. वापर नाही म्हणून ड्रममध्ये गंज धरतो, ब्रेक किरकिरतो. आठवड्यातून दोन-चार वेळा तो ठरवून जोरात लावावा. एक शत्रू आणखी आहे, उंदीर. ऊसतोडीच्या दिवसांत रानातले उंदीर घराकडे सरकतात आणि शेडमधल्या गाडीच्या वायरी कुरतडतात. हे नुकसान वॉरंटीत बसत नाही. विमा घेताना विचारून ठेवा.

प्लग

इथे जरा थांबू, कारण गाडीचं निम्मं आयुष्य इथे ठरतं.

९५० वॅट म्हणजे चार-सव्वाचार अँपिअर. कागदावर ६ अँपिअरचं साधं सॉकेट पुरतं. पण मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि चार्जर दोन तास. शहापूर, वडगावातल्या जुन्या घरांत वीस-तीस वर्षांपूर्वीची सॉकेटं आहेत, आतली पितळी पात सैल झालेली. पिन आणि पात यांत फट राहिली की तिथे ठिणगी आणि उष्णता. पहिली खूण डोळ्यांना दिसते: पांढऱ्या सॉकेटच्या एका भोकाभोवती पिवळट-तपकिरी कडा. दुसरी खूण बोटांना कळते: अर्ध्या तासाने प्लग काढला तर पिन चटका देते. यांपैकी एकही दिसलं तर त्या सॉकेटवर गाडी पुन्हा लावायची नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको, गुंडाळलेल्या केबलची वेटोळी आतल्या आत तापतात.

करायचं काम असं. मेन बोर्डापासून थेट वेगळी लाईन ओढा, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तिन्ही तारा धरून. तिला स्वतःची १६ अँपिअरची एमसीबी (करंट जादा झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली, शॉक बसला की पडणारा स्विच). शेवटी चांगल्या कंपनीचं सहा-सोळाचं सॉकेट, जमिनीपासून चार फूट वर, पावसाची झड येणार नाही अशा जागी. अंतराप्रमाणे चार-पाच हजारांत हे होऊन जातं.

मग आर्थिंग. वायरमनला विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'आर्थिंग हाय की!' ते आहे की नाही हे मल्टिमीटर सांगतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये शक्यतो ३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त दिसले तर आर्थिंग नावापुरतं आहे. असं असलं की बरेच चार्जर लाल दिवा दाखवून सुरूच होत नाहीत. मग शोरूमला फोन, गाडी खराब दिली म्हणून भांडण, आणि मेकॅनिक येऊन सांगतो की घरचं आर्थिंग नाही.

खानापूर, जांबोटी, चंदगडकडच्या तांबड्या जांभ्या जमिनीत ही तक्रार एप्रिल-मे मध्ये उफाळते. जांभा वाळला की वीज जमिनीत नीट मुरत नाही. जूनमध्ये पाऊस पडला की तोच चार्जर सुरळीत चालतो आणि लोकांना वाटतं गाडी आपोआप सुधारली. उपाय जुनाच: अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला फनेल. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालायचं, बस. पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथे एवढी आराधना लागत नाही.

यातली एक चलाखी जिवावर बेतणारी आहे. आर्थिंग नसेल तर काही वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रलला अर्थच्या पिनेशी तार जोडून देतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो. पण कधी खांबावरची किंवा घरातली न्यूट्रल तुटली तर तोच करंट अर्थच्या तारेने गाडीच्या धातूच्या भागांवर येतो, आणि पावसात भिजलेल्या अंगणात ओल्या पायांनी कुणी गाडीला हात लावतं. सॉकेट उघडून ही तार आहे का ते बघा, असेल तर आजच काढायला लावा.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, विशेषतः शेतीपंपांची थ्री-फेज सुरू असते त्या वेळी. चार्जरच्या लेबलवर इनपुट व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते, तिच्याखाली गेलं की चार्जिंग तुटक होतं. अशा गावात पहाटेची वेळ उत्तम. घरच्या इन्व्हर्टरवर लावण्याचा मोह टाळा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. ती पूर्ण ओतली तरी गाडी भरत नाही, आणि इन्व्हर्टर मात्र जाईल. यंत्रमागाच्या मीटरवर किंवा विहिरीच्या पंपाच्या लाईनवरही गाडी लावायची नाही. त्या जोडण्या वेगळ्या कामासाठी वेगळ्या दराने दिलेल्या असतात, गैरवापराची नोटीस आली तर वर्षभराची बचत एका दमात जाते. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला मात्र कसलीही वेगळी परवानगी लागत नाही.

गृहज्योतीचा फास

महाराष्ट्रातले इलेक्ट्रिक गाडीचे हिशेब आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, त्याचं कारण हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या बिलात आहे. कर्नाटक सरकारच्या मोफत घरगुती विजेच्या गृहज्योती योजनेत २०२२-२३ या वर्षातल्या तुमच्या सरासरी मासिक वापरावर १० टक्के (सरासरी ४८ युनिटांहून कमी असेल तर १० युनिट) वाढवून जो आकडा येतो तेवढी वीज माफ. त्याच्यावर गेलात तर फक्त जादा युनिटांचे पैसे. पण महिन्याचा एकूण वापर २०० युनिटांवर गेला की सगळ्याच युनिटांचं बिल.

महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी ही स्कूटर बॅटरीतून ३० युनिट खाते, चार्जरमधली गळती धरून मीटरवर सुमारे ३५. दर करासकट सव्वासहा रुपयांच्या आसपास धरू. आता दोन घरं घ्या.

पहिल्या घराची २०२२-२३ ची सरासरी ९० युनिट, म्हणजे माफी ९९ पर्यंत. आताचा वापर ९५. स्कूटर आल्यावर १३०. जादा ३१ युनिट, बिल दोनशेच्या आत. उत्तम.

दुसऱ्या घराची सरासरी १६०, माफी १७६. आताचा वापर १७५, बिल शून्य. स्कूटर आली, वापर २१०. आता दोनशे दहाच्या दोनशे दहा युनिटांचे पैसे, वर स्थिर आकार. तेराशे ते पंधराशे रुपये. म्हणजे स्कूटरचे ३५ युनिट त्या घराला युनिटमागे चाळीस रुपयांच्या आसपास पडले. पेट्रोलची बचत निम्म्याहून अधिक तिथेच गेली.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. बिल कन्नडमध्ये असलं तरी रीडिंगचे आकडे वाचता येतात, चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं की झालं. उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा महिना १६० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. १६० ते २०० च्या मध्ये असाल तर आधी घरातली वीज कमी करण्याचं बघा: जुने रेग्युलेटरवाले ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी मोटरचे पंखे लावले तर रोज दहा तास चालणारा एक पंखा महिन्याला साडेतेरा युनिट वाचवतो. तीन पंख्यांत स्कूटर फुकट चालली. आणि वापर आजच २०० च्या वर असेल, तर तुम्ही बिल भरतच आहात, स्कूटरने फक्त सव्वादोनशे रुपये वाढतील.

भाडेकरूंनी मीटर कुणाच्या नावाने योजनेत नोंदला आहे ते आधी पाहावं, आणि मालकाला विचारून मगच लाईन ओढावी.

पैसे वसूल कधी

पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि स्कूटरचं मायलेज ४५ धरलं तर १,००० किलोमीटरला सव्वाबावीसशे रुपये. विजेचे सव्वादोनशे. महिन्याला दोन हजार सुटतात. पेट्रोल स्कूटरपेक्षा ऑन-रोड २० हजार जास्त मोजले असतील तर दहा महिन्यांत फरक भरून निघतो. महिन्याला ४०० किलोमीटरच चालवणाऱ्याला पंचवीस महिने लागतात. गृहज्योतीच्या फासात सापडलेल्या घरी हजार किलोमीटर चालूनही चोवीसेक महिने. घरातल्या ज्या बाई कामाला सरकारी बसने जातात त्यांचा प्रवास शक्ती योजनेत जून २०२३ पासून फुकटच आहे. तिथे स्कूटरने वेळ वाचेल, पैसे नव्हे.

किमतीतली तफावत पूर्वीपेक्षा वेगळ्या कारणांनी हलते आहे. इलेक्ट्रिक गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाक्यांचा २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुसरीकडे केंद्राचं अनुदान उतरत गेलं: २०२१ मध्ये किलोवॅट-अवरला १५,००० रुपये होतं, जून २०२३ मध्ये १०,००० झालं, २०२४ मध्ये ५,०००, एप्रिल २०२५ पासून २,५००. दुचाक्यांसाठी त्याची मुदत मार्च २०२६ पर्यंत ठरवली होती. तरीही गाड्या स्वस्त झाल्या, कारण बॅटरीच स्वस्त झाली आणि कंपन्यांनी लहान बॅटरीची मॉडेलं काढली. कोटेशनवर 'अनुदान' या नावाने काही वजा दाखवलं असेल तर ते सरकारचं की कंपनीची सूट, हे लेखी घ्या.

कर्जात फसू नका. ९०,००० रुपये तीन वर्षांसाठी, ११ टक्के घटत्या शिल्लकीवर: हप्ता २,९४६, एकूण व्याज सुमारे १६,०००. तेच ११ टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, म्हणून सांगितले तर हप्ता ३,३२५ आणि व्याज २९,७००. टक्केवारी एकच, फरक साडेतेरा हजारांचा. गल्लीतल्या सोसायटीत विचारा, शोरूमच्या फायनान्सवाल्यालाही विचारा, पण दोघांना एकच प्रश्न: महिन्याचा हप्ता किती आणि हप्ते किती?

दुसरं काय बघावं

जास्त रेंज हवी असेल तर बजाज चेतकची ३५ मालिका, ३.५ किलोवॅट-अवर, धातूची बॉडी, ३५ लिटरची डिक्की. ३५०१ मध्ये चार्जर गाडीतच आहे, वेगळा वागवावा लागत नाही. कुटुंबाला मोठी सीट हवी तर एथर रिझ्टा: २.९ ची गाडीही ताशी ८० पर्यंत जाते, डिक्की प्रशस्त, पण मागच्या चाकाला बेल्ट आहे आणि चिखल-खडीच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने त्याचा ताण सर्व्हिसला तपासून घ्यावा. टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहता आणि खाली पार्किंगमध्ये प्लग नाही, तर हीरोची विडा व्हीएक्स२, कारण तिची बॅटरी काढून घरात नेता येते. आयक्यूबची येत नाही. पाच-सात किलोमीटरच्या आत फिरणाऱ्यांना लायसन्स नको म्हणून विकल्या जाणाऱ्या ताशी २५ किलोमीटरच्या, २५० वॅटच्या गाड्या मी सुचवणार नाही. चढाला त्या माणूस उतरवतात.

चंदगड, गडहिंग्लजकडचे लोक खरेदीला बेळगावात येतात, आणि इकडचे काही जण कोल्हापुरात सूट जास्त म्हणून तिकडे जातात. गाडीचं पासिंग पत्त्याच्या पुराव्याप्रमाणे होतं: बेळगावला केए-२२, निपाणी-चिक्कोडीला केए-२३, चंदगडला एमएच-०९. दुसऱ्या राज्यातली नोंदणी असलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर मोटर वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी ना हरकत दाखला (एनओसी), चकरा आणि खर्च. दोन-तीन हजारांच्या सुटीसाठी हे करू नये. रोड टॅक्सचा चालू दर कोटेशनवर वेगळ्या ओळीत लिहून मागा, दोन राज्यांचे नियम वेगळे आहेत आणि बदलत असतात.

सर्व्हिसबद्दल एकच प्रश्न शोरूममध्ये मॅनेजरला विचारा: बॅटरी किंवा कंट्रोलरचा बिघाड झाला तर इथेच उघडतात, की सुटा भाग बाहेरगावी पाठवतात, आणि तेवढे दिवस बदली गाडी मिळते का? विकणारं दुकान जवळ असलं म्हणजे दुरुस्त करणारे हातही जवळ असतातच असं नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फोडण्याआधी तिथल्याच सॉकेटवर चार्जर लावून दहा मिनिटं चालू ठेवा, टक्का वर सरकतो का बघा. बॅटरी, मोटर आणि चार्जर या तिन्हींचे नंबर बिलावर लिहिलेले असावेत. चार्जरचा नंबर हटकून राहून जातो, आणि वॉरंटीत सगळ्यात आधी लागतो तोच.